सत्काराच्या शालींचं काय करायचं?

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी मी त्यांचं कपाट आवरायला काढलं. आयुष्यभर शिक्षक, निवृत्तीनंतर गावातल्या वाचनालयाचे पदाधिकारी, त्यामुळे स्नेहसंमेलनांपासून पतसंस्थांच्या वर्धापनदिनापर्यंत सगळीकडे बोलावणं असायचं. कपाटात शर्ट निघाले ११, पँटी ६, धोतरं ४. शाली निघाल्या ६३.

बहुतेकांची घडीही मोडलेली नव्हती. काही तर पिशवीतून बाहेरच आल्या नव्हत्या, वर अजून दुकानाचं लेबल. आईने त्यातली एक खांद्यावर घेतली आणि लगेच काढून ठेवली. "ह्यात ऊब कसली, नुसतं चटचटतंय," म्हणाली. थंडीचे दिवस होते, शाल काढताना तिचे केस उभे राहिले. मी कडेचा एक दोरा ओढून गॅसवर धरला. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. हा दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. नखाने फुटेना. पॉलिएस्टर.

मग वाटप सुरू झालं. सोसायटीच्या वॉचमनकडे आधीच चार होत्या, दर निवडणुकीला आणि दर गणपतीत एकेक मिळालेली. एका अनाथाश्रमात फोन केला, तिथल्या बाईंनी फार सौजन्याने सांगितलं की शाली सोडून काहीही द्या. भंगारवाल्याने रद्दी तोलली, पितळी समई तोलली, शालींकडे बघून मान हलवली. कपड्याला भाव नाही. शेवटी बोहारीण आली. तिने बाबांच्या पँटी चेन वर-खाली करून पाहिल्या, शर्टांच्या कॉलरी उलटून पाहिल्या, धोतरांना हात लावून "हे चालेल" म्हणाली आणि सगळ्याचं मिळून एक पातेलं काढलं. शालींचा ढीग पुढे केला तर म्हणाली, "ताई, ह्याच्यावर चमचापण नाय येत." आईने आग्रहच केला तेव्हा एक उचलली. गाठोडं बांधायला.

कपड्यांच्या कचऱ्याबद्दल वाचताना आपल्याला नेहमी शेवटाबद्दल सांगितलं जातं. जुने कपडे फेकू नका, दान करा, पुनर्वापर करा, पायपुसणी शिवा. ह्या ६३ शालींनी मला उलटं शिकवलं. त्या जुन्या झाल्याच नव्हत्या. कोणी वापरून टाकल्या नव्हत्या. एका व्यासपीठावर दोन मिनिटं खांद्यावर राहण्यासाठी त्या विणल्या गेल्या आणि तिथेच त्यांचं काम संपलं. अशा वस्तूचं ‘नंतर काय करायचं’ ह्याला चांगलं उत्तर नसतं. ती मुळात किती आणि कशाची करायची, हाच प्रश्न असतो. आणि तो ग्राहकापेक्षा जास्त ती वस्तू बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि घाऊक विकत घेणाऱ्याला विचारला पाहिजे.

बोहारणीला कमी लेखू नये. गेली कित्येक दशकं आपल्या शहरांत कपड्यांची जी काही वर्गवारी होते आहे, ती तिच्या बोटांनी. काय बाजारात पुन्हा विकलं जाईल, काय रफू करून जाईल आणि काय फक्त पुसायला जाईल, हे ती दारातच ठरवते. पुसायला जाणाऱ्या मालालाही किंमत आहे. कुठल्याही गॅरेजमध्ये किंवा छापखान्यात जाऊन बघा, ‘वेस्ट’ म्हणजे तिथे सुती चिंध्या. त्या तेल पितात, शाई पितात. पॉलिएस्टर पीत नाही, नुसतं पसरवतं. ज्या कापडाला फडकं होता येत नाही, ते तिच्या हिशेबात कापडच नाही.

माझ्या आजीच्या घरात लुगडं मधे विरलं की विरलेला भाग कापून दोन धड तुकडे जोडत, त्याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडंही विरलं की ते जुनेर. त्याचं तान्ह्या बाळाला दुपटं, नाहीतर गोधडीत थर. गोधडी फाटली की तिची वाकळ, मग पोतेरं, मग काकडा करून चुलीत. हे सांगताना गळा भरून आणायची गरज नाही. आजीला धुवायचं एक आणि नेसायचं एक, अशी दोन लुगडी होती आणि तिसरं असतं तर तिने आनंदाने नेसलं असतं. गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्यांपुढे आपण आज हात जोडतो, पण त्या काळी ठिगळं अंगावर असणं ही लाखो माणसांची रोजची अवस्था होती. ती परत यावी असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी स्वतः दोन कपड्यांवर वर्ष काढून दाखवावं.

मात्र त्या साखळीतली एक गोष्ट टंचाईची नव्हती, धाग्याची होती. कापूस शेवटच्या टप्प्यापर्यंत उपयोगी पडत होता आणि शेवटी मातीत जात होता. आजच्या साड्यांची गोधडी शिवायला बसा. थर एकमेकांवरून सरकतात, धावदोरा सरळ जात नाही, आणि शिवून झालीच तर उन्हाळ्यात अंगाला घाम चिकटून राहतो. आपले हात बदलले म्हणून गोधडी गेली असं आपण समजतो. कापडही बदललं होतं.

किती बदललं, त्याचा हिशेब उपलब्ध आहे. २००० साली जगात सगळ्या प्रकारचे तंतू मिळून सुमारे ५ कोटी ८० लाख टन तयार होत होते. २०२३ मध्ये ते १२ कोटी ४० लाख टन झाले. दुपटीहून जास्त. त्यातलं ५७ टक्के एकटं पॉलिएस्टर, म्हणजे मुळात खनिज तेल. लोकसंख्या काही ह्या काळात दुप्पट झाली नाही.

भारतापुरतं बोलायचं तर फॅशन फॉर गुड ह्या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापड-कचऱ्याचा अंदाज आहे. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त आपल्या घरांतून निघतो, ४२ टक्के गिरण्या आणि शिलाईच्या कारखान्यांत, आणि उरलेला परदेशातून आलेला. ह्यातलं ५९ टक्के कापड कुठल्या ना कुठल्या रूपात पुन्हा वस्त्रोद्योगात जातं. हा आकडा वाईट नाही, बोहारणी आणि चिंधीवाल्यांची ती कमाई आहे. पण १७ टक्के थेट कचरा डेपोवर जातं आणि ५ टक्के जाळलं जातं. ७८ लाख टनांचे १७ टक्के म्हणजे १३ लाख टनांहून जास्त.

डेपोवर गेल्यावर काय होतं? सुती कापड ओल्या कचऱ्यात दबून, हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. डेपोला आग लागते तेव्हा धुमसायला जे लागतं ते हेच. पॉलिएस्टर कुजतच नाही, वर्षानुवर्षं पडून राहतं, त्याचे बारीक बारीक तंतू होत जातात. तेही फक्त डेपोवर नाही. घरच्या वॉशिंग मशीनच्या प्रत्येक धुण्यात असे तंतू सुटतात. समुद्रात थेट सूक्ष्मकणांच्या रूपात जे प्लास्टिक पोचतं, त्यातलं ३५ टक्के कृत्रिम धाग्यांचे कपडे धुतल्यामुळे येतं, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा २०१७ चा अंदाज आहे. जाळल्याचं उदाहरण तर अगदी आपल्या अंगणातलं. दौंड भागातल्या काही गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडाबरोबर प्लास्टिक, टायर आणि चिंध्या जळतात, अशा तक्रारी वारंवार होत आल्या आहेत. चिंध्या म्हणताना डोळ्यांपुढे सूत येतं. जळतं ते बहुतेक पॉलिएस्टर, आणि वरच्या काहिलीत गूळ शिजत असतो.

(एक आकडा मात्र जपून वापरावा. ‘एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं’ हे वाक्य पर्यावरणाच्या प्रत्येक भाषणात येतं. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, तो पावसावर येतो किंवा जातो. त्याला हा जागतिक सरासरीचा आकडा चिकटवला की कापूस हाच गुन्हेगार ठरतो आणि पॉलिएस्टर पाणी वाचवणारं म्हणून मिरवतं.)

आता दान. ह्याबद्दल बोललं की लोक दुखावतात, तरी बोलतेच. जुने कपडे देण्यात आपल्याला जे समाधान मिळतं त्यातलं बरंचसं कपाट रिकामं झाल्याचं असतं. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ट्रकच्या ट्रक कपडे गेले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना स्वेटर, फाटक्या जीन्स आणि एकेकटे बूट. रस्त्याच्या कडेला ढीग पडून राहिले. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ ह्या संस्थेने ते ढीग उपसले, निवडले, आणि जे कशालाच चालणार नव्हतं त्यातल्या सुती कापडाचे पाळीसाठीचे पॅड शिवले. ‘गूंज’ १९९९ पासून हे काम करते आहे आणि कपडा फुकट वाटत नाही. गावाने विहीर खणली, रस्ता दुरुस्त केला, की मोबदला म्हणून कपडा. घेणाऱ्याचा मान राखण्याचा हा विचार मला कुठल्याही दानपेटीपेक्षा मोठा वाटतो. पण त्यांनाही सुतीच लागलं, हे विसरू नये.

जगाच्या पातळीवर हेच दान व्यापाराच्या वेषात चालतं. घानाची राजधानी अक्रा इथला कांतामांतो बाजार पश्चिमेकडून आलेल्या जुन्या कपड्यांवर उभा आहे. तिथे ह्या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतके चांगले कपडे कोणी जिवंतपणी टाकून देईल ह्यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून हे नाव. आपल्याकडे फुटपाथवरचा शर्ट घेताना ‘मयताचा नसेल ना’ ही शंका येते, तिचीच ही बहीण. फरक एवढाच की आता अक्राच्या गासड्यांतला बराचसा माल उघडल्याबरोबर कचऱ्यात जातो, आणि तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर कपड्यांचे दोरखंडासारखे गुंते वाळूत रुतलेले दिसतात.

मग पुनर्चक्रीकरण? भारतात त्याची राजधानी पानिपत. आपल्यासाठी ते नाव १७६१ चं, कापडवाल्यांसाठी ‘शॉडी’चं, म्हणजे जुनी लोकर पिंजून पुन्हा काढलेल्या धाग्याचं. जगभरातले लोकरीचे जुने कपडे तिथे येतात. बायका जमिनीवर उभ्या बसवलेल्या, आपल्या विळीसारख्या पात्यावर ते चिरतात, चेनी आणि बटणं काढतात, रंगांचे वेगवेगळे ढीग करतात. लाल कोटांपासून लाल धागा, म्हणून पुन्हा रंगवायची गरज नाही, पाणी नाही. पिंजून काढलेल्या त्या धाग्याची घोंगडी भूकंप-पूरग्रस्तांना वाटली जातात. ही विद्या मूळची इंग्लंडमधल्या यॉर्कशरची, १८१३ सालची. इंग्रजीत ‘शॉडी’ शब्दाला पुढे ‘टाकाऊ, भिकार’ असा अर्थ चिकटला, त्यावरून त्या धाग्याची मर्यादाही कळते. पिंजताना तंतू तुटतो, आखूड होतो. प्रत्येक फेरीत दर्जा एक पायरी उतरतो. आणि नव्या पॉलिएस्टरची मऊ, गुबगुबीत ब्लँकेटं स्वस्तात मिळायला लागल्यावर शॉडीच्या घोंगड्यांची मागणी घसरली. पानिपतातच अशा पॉलिएस्टर ब्लँकेटांचे कारखाने निघाले.

मिश्र कापडाची कथा आणखी अवघड. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र काततात तेव्हा ते पुन्हा वेगळं करणं म्हणजे चहातून साखर काढणं. जीन्समध्ये दोन-तीन टक्के ताणणारा धागा घातला की ती अंगाला छान बसते आणि पिंजण्याच्या यंत्राला डोकेदुखी होते. कपड्यापासून पुन्हा कपडाच, असं जगात एक टक्काही होत नाही, हा २०१७ चा अंदाज अजून उद्धृत होतो तो उगीच नाही. दुकानात ‘पुनर्चक्रित पॉलिएस्टर’ लिहिलेला टी-शर्ट दिसतो, तो बहुधा पाण्याच्या बाटल्यांचा असतो. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकत होती, टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट सहसा होत नाही. ह्याला चक्र म्हणायचं की उतार?

गोळा करण्याची सक्ती केली की सगळं मार्गी लागेल असं वाटत असेल तर स्वीडनकडे बघावं. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात कापड-कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालं. स्वीडनमध्ये लोकांनी फाटके मोजेसुद्धा इमानदारीने वेगळे ठेवले आणि नगरपालिकांकडे त्यांचे ढीग लागले. पुढे घ्यायला कोणी नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फाटकं-विरलेलं कापड पुन्हा साध्या कचऱ्यात टाकायची मुभा द्यावी लागली. शिस्तीत आपण स्वीडनशी बरोबरी करू असा माझा दावा नाही, पण शिस्त हा मुद्दाच नव्हता. विल्हेवाटीची जागा आणि तिचा खर्च कोण देणार हे आधी ठरलेलं नव्हतं.

खर्च उत्पादकाने द्यावा. हे काही क्रांतिकारक नाही. प्लास्टिकची वेष्टनं, टायर, बॅटऱ्या ह्या तिन्हींना भारतात २०२२ मध्येच उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम लागू झाले. टायर विकणाऱ्याने जुन्या टायरचं काय होतं ते बघायचं, तर शाल विकणाऱ्याने का नाही? फ्रान्समध्ये कपड्यांसाठी ही व्यवस्था २००७ पासून कायद्यात आहे, आणि त्या पैशातून २०२३ च्या नोव्हेंबरपासून कपडे-बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला प्रत्येक दुरुस्तीमागे ६ ते २५ युरोची सूट मिळते. आपल्याकडे हे करायचं तर शुल्क सरसकट नको. एकाच धाग्याच्या, टिकाऊ कापडाला कमी आणि मिश्र, ताणणाऱ्या, चमकी लावलेल्या मालाला जास्त. भिवंडीतल्या चार मागांच्या मालकाला ह्यात ओढू नये. बाजारात स्वतःच्या नावाने कपडा विकतो त्याने भरावं.

आणि तो पैसा कुठे जावा? पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघर कचरा घेते. माझ्याकडे येणाऱ्या ताई कागद, बाटल्या, पत्रा विकून चार पैसे मिळवतात. कपडा त्यांच्यासाठी नुसतं ओझं, तोही ओला असला तर फारच. प्रत्येक प्रभागात एक शेड, किलोमागे वेचकाला ठरलेला दर, आणि निवडायला पगारावर बोहारणी. त्यांच्याइतकं कापड कळणारं माणूस कुठली सल्लागार कंपनी आणणार आहे? शेजारीच दोन शिलाई यंत्रं, रफू आणि ‘अल्टर’साठी. आत्ता झाडाखाली मशीन टाकून बसणारा टेलर अतिक्रमणाची गाडी आली की मशीन उचलून पळतो. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. पँटची चेन बदलून देणाऱ्याला सहा फूट जागा मिळत नसेल तर दुरुस्तीच्या संस्कृतीवरची व्याख्यानं बंद करावीत.

सर्वात सोपं काम मात्र घाऊक खरेदी करणाऱ्यांचं आहे, आणि त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार. राज्याच्या २०२३ ते २८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय कुटुंबांना दरवर्षी यंत्रमागावरची एक साडी द्यायची योजना आली. यंत्रमागाला काम मिळावं हा हेतू समजतो. पण २०२४ मध्ये जव्हार भागातल्या आदिवासी बायकांनी ह्या साड्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. त्यांना रोजगार हवा होता. सरकारने त्याच पैशात जाड सुती चादरी, दवाखान्यांची पांघरुणं, आश्रमशाळांची अंथरुणं विणून घेतली तर माग चालतील आणि कापड वापरलं जाईल.

‘तुम्ही शाली बंद करा म्हणाल, मग इचलकरंजी-मालेगावच्या माणसाने काय खायचं?’ हा प्रश्न मला एका कार्यक्रमात विचारला गेला, आणि तो खोटा नाही. पण यंत्रमाग कामगाराला मजुरी मीटरवर मिळते. कापड जितकं स्वस्त आणि पातळ, तितका त्याच्या वाट्याचा पैसा कमी. खपाच्या ह्या धबडग्यात त्याचं घर चाललंय असं म्हणणाऱ्याने त्याच्या घरी एकदा जाऊन यावं. जास्त टिकणारं, जास्त दराचं, कमी मीटर कापड त्याच्या सोयीचं आहे की गैरसोयीचं, हे त्यालाच विचारलेलं बरं.

त्या कार्यक्रमात शेवटी माझा सत्कार झाला. मी आधीच कळवलं होतं, शाल नको, एखादं पुस्तक द्या. संयोजकांनी शब्द पाळला. पुस्तक दिलं, गुलाबी पॉलिएस्टरच्या स्टोलमध्ये गुंडाळून. रविवारी आईकडे गेले तेव्हा तो स्टोल माळ्यावर टाकला, ६२ शालींच्या वर.